दहा बोटांची हमी

भादव्याचं ऊन पडलं की आमच्या घरातलं सगळं लोकरीचं सामान गच्चीवर येतं. श्रावणभर कपाटात कोंडून दमट झालेले स्वेटर, शाली, सुनेच्या माहेरचं एक जाड ब्लँकेट, आणि सगळ्यांत शेवटी माझा कोट. तो एकट्याने उचलून आणता येत नाही. एकाने खांद्यांकडून धरायचं, दुसऱ्याने खालून, अशी त्याची मिरवणूक निघते. शेजारच्या सोसायटीतल्या नव्या बिऱ्हाडांना दरवर्षी वाटतं की आम्ही एखादं जनावर उन्हात घालतोय.

यंदा कोटाशेजारी एक निळी, चाकांची बॅग उघडी पडली होती. माझी नात ईशा पुढच्या आठवड्यात शिकायला जर्मनीला चालली आहे. ती बॅग भरते, काट्याला लटकवून वजन बघते, तोंड वाकडं करते आणि पुन्हा उपसते. मी खुर्ची टाकून हा खेळ बघत बसलो होतो. मध्येच ती म्हणाली, "आजोबा, जानेवारीत तिथे उणे दहा असतं." फोनमध्ये बघून सांगत होती. मग तिने अंगात घालायचा एक नवा कोरा गरम जोड काढला, लेबलासकट नीट घडी घातला आणि बॅगेच्या तळाशी सरकवला. "हा जपून ठेवते. अगदीच कडाका पडला की काढीन."

"लेबल काढ," मी म्हणालो.

"आत्ता?"

"आत्ता. आणि उतरल्या दिवशीच अंगात घाल. जपून ठेवायचं नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की नव्वदीला टेकलेल्या माणसाचं काही मनावर घेऊ नये. पण लेबल काढलं. तिला त्याचं कारण सांगायचं तर मला तात्यांकडे जावं लागलं असतं, आणि तात्यांकडे एकदा गेलं की लवकर सुटका नसते. तिला बॅग भरायची होती. तुम्हाला वेळ असेल तर बसा.

चौपन्न-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. आता आमच्या चिखलीत सकाळपासून लेथ मशिनी कुरकुरतात आणि रस्त्यावर टेम्पोवाले एकमेकांच्या आयांची आठवण काढतात. तेव्हा इथे बाजरी होती, मूग होता, आणि खाली इंद्रायणी. आमचं घर शेताच्या कडेला होतं. मी रोज सायकल मारत पिंपरी स्टेशन गाठायचो आणि तिथून गाडीने पुण्याला कॉलेजात जायचो. पावसाळ्यात निम्मी वाट सायकल मला न्यायची आणि निम्मी वाट मी सायकलीला. वर्गात पोचेपर्यंत पँट गुडघ्यापर्यंत चिखलाची झालेली असे. प्रयोगशाळेत माझ्या स्टुलाखाली वाळलेल्या चिखलाची रांगोळी पडे, आणि मास्तर म्हणत, चिखलीकर आले वाटतं.

पिंपरीच्या माळावर त्या काळात औषधाच्या कारखान्याच्या भिंती उठत होत्या. बुरशीपासून औषध बनतं आणि मरायला टेकलेला माणूस त्याने उठून बसतो, हे आमच्या भागात सगळ्यांनी ऐकलं होतं, पण मानलं कोणी नव्हतं. मी रसायनशास्त्राच्या वरच्या परीक्षेला बसलो होतो. आमच्या प्राध्यापकांनी माझं नाव कुठेतरी पाठवलं, आणि आषाढात एका सकाळी पत्र आलं. दोन वर्षं इंग्लंडात राहून बुरशी कशी वाढवायची ते शिकायचं. येण्याजाण्यासकट सगळी सोय होणार होती. गणपती झाल्यावर बोट.

आईने शांतपणे विचारलं, "काय शिकायचं म्हनलास?"

"बुरशी."

तेव्हा ती लोणच्याची बरणी पुसत होती. त्या वर्षी पावसाने कहर केला होता. चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी, पाटावर बुरशी, माझ्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर हिरवट मखमल. आई म्हणाली, "अरे, त्यासाठी एवढ्या लांब कशाला? आपल्या घरात हिला कोन न्हाई म्हनतंय?" ही गोष्ट तिने पाणवठ्यावर सांगितली असावी, कारण दोन दिवसांनी पारावर मला सगळे विचारू लागले, भाकरीचा तुकडा आणून देऊ का अभ्यासाला?

पण खरी मेख वेगळीच होती. शिष्यवृत्तीच्या कागदांत एक हमीपत्र होतं. घरातल्या वडीलधाऱ्याने सही करून लिहून द्यायचं, की हा मुलगा शिक्षण संपवून परत येईल. श्रावण संपायच्या आत तो कागद पुण्याला पोचला नाही, तर जागा दुसऱ्याला. माझे वडील मी पाच वर्षांचा असतानाच गेले होते. घरातले वडीलधारे म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या. मी कागद वाचून दाखवला. तात्यांनी तो घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला, देवळीतल्या कंदिलाखाली ठेवला आणि म्हणाले, "परत यील, त्याची हमी मी देतो. पन पुरा यील का? त्याची हमी कोन देनार?"

तात्या असं म्हणत त्याला कारण होतं. त्यांच्या डाव्या पायाला तीनच बोटं होती. लढाईच्या वेळी ते पलटणीतून इटलीत गेले होते, आणि तिथे दोन बोटं ठेवून आले. "कशी गेली?" असं लहानपणी विचारलं की म्हणत, "थंडीनं खाल्ली," आणि विषय संपवत. ते परत आले तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांचा होतो. सगळ्यांना वाटलं होतं, हे विलायतेहून काय काय आणतील. त्यांनी पत्र्याचा एक डबा आणला, चार इटालियन शब्द आणले, आणि माझ्यासाठी खाकी लोकरीचे मोजे आणले. कोरे करकरीत. ते माझ्या मांडीपर्यंत यायचे. चिखलीत मोजे घालून जाणार कुठे? मी ते हातात घालून मित्रांना अस्वल होऊन भिववलं, मग त्यांत गोट्या भरल्या, आणि पुढच्या पावसाळ्यात एक मोजा आमच्या कुत्रीने पिल्लांखाली अंथरला.

समुद्रापलीकडे जाऊन आलेला गावात एकच माणूस, त्यामुळे विलायतेबद्दल कोणतीही शंका असो, शेवटचा शब्द तात्यांचा. वासरांत लंगडी गाय शहाणी, हे लंगडत चालणारे तात्या स्वतःच स्वतःबद्दल म्हणायचे. हमीपत्र देवळीत पडून राहिलं, पण माझी तयारी मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी सुरू केली. मला वाटलं, हे निम्मं हो आहे. आई म्हणाली, "भावजींचं निम्मं म्हंजे काईच न्हाई."

तात्यांची विलायत म्हणजे खंदक. त्यांनी मला जे शिकवलं ते त्याच हिशोबाने. सकाळी उठल्याबरोबर बूट झटकायचे, आत विंचू असू शकतो. तांब्याभर पाण्यात दाढी, तोंड आणि मान, आणि उरलेल्या पाण्यात रुमाल. झोपताना ओले मोजे पोटाशी धरायचे, म्हणजे सकाळी वाळलेले मिळतात. "हे इसरू नको," ते मला बजावत. "बाकी सगळं इसरलास तरी चालंल." इंग्लंडात आता लढाई नाही, मी एका घरात खोली घेऊन राहणार आहे, असं मी दोनदा सांगून पाहिलं. "घरं आमी पन बघितली तिकडं," तात्या म्हणाले. "निम्म्यांना छप्पर नव्हतं."

काट्याने खायची शिकवणीही झाली. त्यांच्या पत्र्याच्या डब्याबरोबर एक वाकडा काटा आला होता. त्याने मी आठ दिवस पिठलं-भाकरी खाल्ली. भाकरीचा घास काट्यात टोचायचा, पिठल्यात बुडवायचा आणि तोंडापर्यंत न्यायचा, तोवर भाकरी परत पिठल्यात. आई पदर तोंडाला लावून बसायची. शेवटी तिने ताट माझ्यापुढून ओढलं आणि म्हणाली, "तिकडं गेल्यावर उपाशी ऱ्हा. हितं हातानं जेव."

हे सगळं गमतीचं होतं, पण श्रावण लागला आणि हमीपत्र तिथेच होतं. रोज येताजाता मी देवळीकडे बघायचो. कंदिलाच्या बुडाचा गोल डाग त्यावर उमटला होता. मला जायचं होतं. किती जायचं होतं ते मी कोणालाच सांगू शकत नव्हतो, कारण मला घर सोडायची घाई झाली आहे असं आईला वाटलं असतं. एके दिवशी जेवताना धीर करून विचारलं. तात्यांनी भाकरी मोडत म्हटलं, "थंडीची सोय झाली का?"

"तिकडे गेल्यावर घेईन की कोट."

"तिकडं गेल्यावर घेतो म्हनलेली मानसं मी बघितल्यात. आदी हितं कोट शिव. मी बघनार. मंग सही."

कोट कशाचा, हाही प्रश्न त्यांनीच सोडवला. घोंगडीचा. धनगराची काळी घोंगडी ना पाऊस आत येऊ देते ना वारा. पलटणीत सरकारने तिचे कोट दिले असते तर लढाई दोन वर्षं आधी संपली असती, असं त्यांचं मत होतं. ते स्वतः चाकणच्या बाजारात गेले आणि दोन नव्या घोंगड्या घेऊन आले. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, त्याने ती पत्र्यासारखी कडक होते. गावातल्या शिंप्याने बोट लावून बघितलं आणि हात जोडले. म्हणाला, माझं मशीन लेकुरवाळं आहे, त्याला हे सोसायचं नाही.

मग आम्ही पिंपरीच्या छावणीत गेलो. फाळणीनंतर सिंधकडून आलेली माणसं तिथे बराकींत राहत होती. त्यांच्यात एक म्हातारे टेलर मास्तर होते. कराचीत त्यांनी साहेबांचे ओव्हरकोट शिवले होते, आणि इथे ते पोलक्यांना हुक लावत बसत. कोट शिवायचा म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. तात्यांनी पोत्यातून घोंगड्या काढल्या. मास्तरांनी एक उभी केली. ती उभी राहिली.

"साईं, ये कपडा है या दरवाजा है?" मास्तर म्हणाले.

"शिवा तर," तात्या म्हणाले. "पोरगं बाहेरगावी चाललंय."

मास्तरांनी मला वळवून वळवून मापं घेतली. "कब जाना है?" मी म्हणालो, महिन्याने. ते टेप गुंडाळत हसले. "अच्छा है. एक महीना. हमको तो दोपहर में बोला, शाम को निकलो." आणि तात्यांना म्हणाले, बच्चे का कोट मैं ऐसा बनाऊँगा कि लंदनवाला पूछेगा किसने बनाया. त्या दिवसापर्यंत महिनाभराची ही तगमग मला शिक्षा वाटत होती. परतीच्या वाटेवर मी तात्यांच्या मागे गुमान चालत होतो.

पंधरा दिवसांत सात सुया मोडून मास्तरांनी कोट उभा केला. उभा म्हणजे खरोखरच. जमिनीवर ठेवला तर आत माणूस नसताना उभा राहायचा. मोठी कॉलर, चार खिसे, आणि आतून गुलाबी साटीनचं अस्तर. छावणीत नुकतंच कोणाचं तरी लग्न झालं होतं, त्यातलं उरलेलं. मी तो घालून घरी आलो तेव्हा बैल दावं तोडायला निघाले. तात्यांनी मला अंगणात चालवलं, बसवलं, उठवलं. मला हात खाली घेता येत नव्हते, पण माप अगदी नेमकं होतं. तात्या खूश झाले. म्हणाले, "उद्या सही."

आणि त्याच दिवशी दुपारी आईने तो कोट नदीवर नेऊन धुतला.

आता यात चूक कोणाची? घोंगडी नवी आणली की पहिल्यांदा पाण्यातून काढायची, खळ धुवून टाकायची, मग अंगावर घ्यायची, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. पाण्यातून काढली की ती आटते, हेही ठाऊक असतं. पण हे सगळं घोंगडीबद्दल. कराचीच्या मास्तरांना कोट ठाऊक, घोंगडी नाही. त्यांनी ती कोरीच कापली. आईला घोंगडी ठाऊक, कोट नाही. तिच्या मते पोरगा परदेशी चाललाय आणि अंगाला चिंचोक्याचा वास, हे बरं दिसत नाही. तात्यांना दोन्ही ठाऊक होतं, पण कोट बघून ते इतके हरखले होते की बोलायचं राहून गेलं. तिघांनी मिळून काम फत्ते केलं. आईने कोट दगडावर चोळला, आपटला, पिळायला पाणवठ्यावरच्या दोघींना बोलावलं, आणि श्रावणाच्या ऊन-पावसात तो वाळत घातला. चार दिवसांनी वाळला तेव्हा मऊसूत झाला होता. पण बाह्या कोपरापर्यंत आल्या होत्या, आणि गुलाबी अस्तर, जे आटत नाही, ते खालून परकरासारखं लोंबत होतं.

मी तो घालून अंगणात उभा राहिलो. मग आई म्हणाली, "धा वर्सांच्या पोराला झ्याक होईल." आणि तिला हसू फुटलं. हसता हसता ती खाली बसली आणि रडायला लागली. "माझ्यामुळं पोराचं जानं मोडलं," म्हणाली. श्रावणाचे आठ दिवस उरले होते. मला तिची समजूत घालायची होती, पण मलाच रडू येत होतं, आणि ज्या कोटात मी उभा होतो त्यात रडणंसुद्धा शोभत नव्हतं.

तात्या उठून गोठ्यात गेले. खुंटीवरची आपली जुनी करडी घोंगडी घेऊन आले. किती पावसाळे खाल्लेली, आटायची तेवढी केव्हाच आटलेली. ती त्यांनी माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "चल छावणीत."

मास्तरांनी कोट बघितला आणि कपाळाला हात लावला. मग आईने काय केलं ते ऐकून म्हणाले, "माँ ने धोया है तो ठीक धोया है." त्यांनी बाह्या उसवल्या आणि तात्यांच्या घोंगडीच्या नव्या लांब बाह्या लावल्या, खाली वीतभर पट्टा जोडून अस्तर झाकलं. धड काळं, हात करडे, खाली करडी किनार. लंडनवाल्याने विचारलं असतं किसने बनाया, तर मास्तरांनी नाव सांगू नको म्हटलं असतं. तात्यांनी तो उरलेला पावसाळा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन काढला. कोणी विचारलं तर म्हणत, घोंगडी विलायतेला शिकायला चालली आहे.

मला वाटलं, आता तरी सही. पण तात्या म्हणाले, "थंडीत घालून बघितल्याशिवाय कसं कळंल?" श्रावणात थंडी कुठून आणायची? तर तीही त्यांनी शोधून ठेवली होती. खडकीला लष्कराच्या भागाजवळ एक बर्फाचा कारखाना होता. तिथे त्यांच्या पलटणीतले एक हवालदार रखवालदार होते. श्रावणाचे चार दिवस राहिले असताना आम्ही दोघं पिंपरीहून गाडीने खडकीला उतरलो. कोट पोत्यात होता. समोर बसलेल्या बाई सगळा प्रवास त्या पोत्याकडे बघत होत्या, आणि दापोडी आल्यावर त्यांनी जागा बदलली.

हवालदार पांढऱ्या मिशांचे, हसऱ्या चेहऱ्याचे होते. त्यांनी बर्फ साठवायच्या खोलीचं जाड दार उघडलं. आत लाकडी भुशात लाद्या रचून ठेवलेल्या. धुकं पायाशी लोळत होतं आणि नाकात झोंबणारा कसलासा वास. मी कोट घातला, कानाला तात्यांचं उपरणं बांधलं आणि खोक्यावर जाऊन बसलो. तासभर बसायचं, असा हुकूम होता. दार फटीएवढं उघडं ठेवलं होतं.

खरं सांगतो, कोट उबदार होता. छातीला आईने धुतलेली मऊ लोकर, हातांना तात्यांची घोंगडी. तिला गोठ्याचा, धुराचा, तंबाखूचा वास होता. बाहेर श्रावण आणि मी बर्फात, आणि मला घरी बसल्यासारखं वाटत होतं. मला हसू आलं. तात्यांना आत बोलवावं म्हणून मी फटीकडे पाहिलं.

तात्या उंबऱ्याशी उभे होते. डावा पाय त्यांनी आत टाकला होता आणि तो पुढे येत नव्हता. ते बर्फाकडे बघत होते. अंगाला घाम सुटला होता. हवालदारांनी त्यांना दंडाला धरून मागे नेलं. मी तास पुरा न करताच बाहेर धावलो.

तात्या बाकावर बसले होते. हवालदारांनी त्यांना चहा दिला आणि मला म्हणाले, "ह्यानं कदी सांगितलं का तुला, बोटं कशी गेली?"

"थंडीने खाल्ली."

"थंडीनं न्हाई खाल्ली. ह्याच्या कवतिकानं खाल्ली. तीन दिस आमी पान्यात हुतो. मोजं भिजून लगदा. ह्याच्या पिशवीत नवा जोड हुता, कोरा. मी म्हनलो, घाल की गड्या. तर म्हनतो, न्हाई, ते घरी न्यायचं हायेत. पुतन्याला. जपून ठिवलेत."

तात्या बशीत फुंकर मारत राहिले. मला खाकी मोजे आठवले, हातात घालून केलेलं अस्वल आठवलं, गोट्या आठवल्या, कुत्रीची पिल्लं आठवली. मान वर करायची सोय उरली नाही. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "तात्या, मला नाही जायचं." त्या क्षणी ते मला खरंच वाटत होतं.

"येडा हायेस," तात्या म्हणाले. "बूट काढ."

मी बूट काढले. त्यांनी माझे पाय मांडीवर घेतले. एकेक बोट चिमटीत धरून दाबून पाहिलं. दहाच्या दहा गरम होती. मग खिशातून हमीपत्र काढलं. ते त्यांच्या खिशात होतं हे मला माहीतच नव्हतं. हवालदारांचं पेन घेऊन त्यांनी बाकावर कागद ठेवला आणि पलटणीत शिकलेली एकेक अक्षर सुटं असलेली इंग्रजी सही केली. बर्फाच्या पाण्याचा एक थेंब कागदावर पडला, तो त्यांनी बाहीने टिपला.

"मोजं पोटाशी धरायचं," ते म्हणाले. "आन नवीन वस्तू जपून ठिवायची न्हाई. हातात आली की वापरायची. मला तिकडनं काय आनू नको. धा न्हेतोस, धा आन."

गौरी गेल्या आणि मी बोटीवर चढलो. इंग्लंडात लढाई नव्हती, छप्परं होती, पण माझ्या खोलीत शेगडी एकच आणि तीही कंजूष. पहिल्याच डिसेंबरात मी मोजे पोटाशी घेऊन झोपू लागलो. घरमालकीणबाईंना ते अंथरुणात सापडले तेव्हा त्यांनी खोलीत आणखी एक पांघरूण आणून ठेवलं. कोट पावसात भिजला की मेंढरासारखा वास सुटायचा. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची आणि कुत्री मात्र माझ्यामागून चालायची. हसणारे हसले. पण बर्फ पडला तेव्हा तेच मित्र पाळीपाळीने तो कोट मागून न्यायला लागले, आणि मी अट घालायचो की पोत्याची खोळ घेतलेल्या माझ्या चुलत्यांची गोष्ट आधी ऐकावी लागेल. बुरशी मी मन लावून शिकलो. आईला लिहिलं, इथे ती बरणीत वाढवतात आणि तिची बाळंतिणीसारखी काळजी घेतात. तिने कोणाकडून तरी उत्तर लिहवून पाठवलं, तुझी कोण घेतं?

दोन वर्षांनी भादव्यातच परत आलो. मुंबईहून गाडीने चिंचवड सोडलं आणि मी दारात येऊन उभा राहिलो. दोन्ही बाजूंना बाजरी कणसावर आली होती. पिंपरीला उतरलो तेव्हा ऊन असं रणरणत होतं की फलाटाला हात लावता आला नसता. आई पुढे आली, तिने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. तात्या मागे बाकाजवळ उभे होते. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी मला दंडाला धरून बाकावर बसवलं.

"बूट काढ."

येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. तिकीट घेणारेही बघायला लागले. मी बूट काढले, मोजे काढले. तात्या गुडघा टेकून खाली बसले आणि एकेक बोट चिमटीत धरत गेले. डावा पाय झाला, उजवा झाला. मग त्यांनी माझे दोन्ही पाय तळहातांत घट्ट धरले.

"धा," ते आईला म्हणाले.

मी बॅग उघडली. सगळ्यांत वर ठेवलेली एक वस्तू काढून त्यांच्या हातात दिली. तपकिरी लोकरीचे मोजे, कागदाच्या पट्टीत बांधलेले. काही आणायचं नाही असं त्यांनी सांगितलं होतं, पण तेवढं मी ऐकलं नव्हतं. तात्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले.

"ठिवा जपून, भावजी," आई म्हणाली. "थंडी पडली की काढा."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बाकावर माझ्याशेजारी बसून कागदाची पट्टी दातांनी तोडली, वहाणा काढल्या आणि दोन्ही मोजे गुडघ्यापर्यंत ओढून घातले. डाव्या मोज्याचं टोक दोन बोटांएवढं रिकामं लोंबलं. ते त्यांनी नीट आत दुमडलं, वर वहाणा चढवल्या, माझी बॅग खांद्यावर घेतली आणि त्या भादव्याच्या उन्हातून बैलगाडीकडे चालू लागले. चिखली येईपर्यंत त्यांनी ते काढले नाहीत.